घशातला घास, सरकारी गांजा आणि हेमंतच्या घरचा डबा

आजारातून उठलेली माणसं बहुधा मनाने मोठी होऊन लिहितात. सगळ्यांना क्षमा करतात, डॉक्टरात देव बघतात. मी तसा झालो नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी बरा झालो ते रागावर. ज्यांना क्षमेची गोष्ट वाचायची आहे त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

तरीही लिहितो, कारण आपल्या माणसांत मनाचा आजार म्हटला की "रोज सकाळी फिरायला जा" आणि गांजा म्हटला की "शिव शिव." मला दोन्ही ऐकून घ्यावं लागलं. माझ्यासारखा कुणी आज एकट्याने जेवत बसला असेल, तर त्याच्या कामी यावं.

घास अडकला

मी भंडाऱ्याकडचा. टोरांटोत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचो, घर व्हिटबीला. लोकांत बसून जेवायला मला पहिल्यापासून जड जायचं. ऑफिसात डेस्कवरच डबा उघडायचो, जयंतीच्या कार्यक्रमात जेवणं सुरू झाली की पार्किंगची व्यवस्था बघायला बाहेर पळायचो. लोक म्हणायचे, संघपाल फार कामसू. मलाही ते खरं वाटायचं.

मग एका हिवाळ्यात स्कारबरोच्या एका हॉटेलात आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचं जेवण होतं. कुणी नवीन कॅनडात आलं की असं जेवण ठेवायची पद्धत. त्या दिवशी हेमंत सर आले होते, पुण्याच्या कंपनीने पाठवलेले. कॉलेजात ते आमचे सीनियर. आमच्या कॉलेजात सीनियर हा मरेपर्यंत "सर" असतो, मग तुम्ही पन्नाशीचे का होईना.

मला बघताच ते ओरडले, "काय रे संघ्या! चल, इंट्रो दे!"

सगळे हसले. मीही हसलो. तोंडात नानचा तुकडा होता, तो खाली जाईना. पाणी प्यालो, पाणी नाकातून आलं. वॉशरूममध्ये जाऊन थुंकलो आणि तोंड पुसत परत आलो. त्यानंतर घरीसुद्धा, बायको वैशाली आणि आमची मुलगी मैत्री समोर असल्या, की घास अडकायला लागला.

गाऊनला बटनं नसतात

पुढचे काही महिने घशात कॅमेरे गेले. चुन्यासारखं पांढरं पाणी प्यायला लावून फोटो काढले. घसा उत्तम, अन्ननलिका उत्तम, पोट उत्तम. वजन मात्र उतरत गेलं. पँट कमरेवर राहीना तेव्हा मला ॲडमिट केलं आणि हातात सलाइन लावली.

हॉस्पिटलात दिवस ट्रेवर चालतो. ट्रे येतो, ट्रे तसाच परत जातो, कुणीतरी त्याची नोंद करतं. एका फिलिपिनो नर्सच्या लक्षात आलं की माणूस समोर असला की मी चमचा खाली ठेवतो. ती ट्रे ठेवायची, पडदा ओढायची आणि बाहेर उभी राहून मोठ्याने सांगायची, "आय ॲम नॉट लुकिंग!" त्या आठवड्यात पोटात जे काही गेलं ते त्या पडद्याआड गेलं.

मी आजारी असल्याचं माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कळलं. परदेशात आपली माणसं अशा वेळी धावून येतात, डब्यांच्या पाळ्या लावतात. आमच्याकडे पुढाकार घेतला हेमंत सरांनी. "दर रविवारी आमच्या घरून," असं त्यांनी जाहीरच केलं आणि पहिला डबा घेऊन ते थेट हॉस्पिटलात हजर झाले.

मी पलंगावरून उठून उभा राहिलो. सलाइनचा स्टँड धरून म्हणालो, "गुड आफ्टरनून, सर." आणि मान खाली घालून शर्टाचं तिसरं बटन शोधायला लागलो. सीनियरशी बोलताना आपल्याच शर्टाच्या तिसऱ्या बटनाकडे बघायचं, असा आमचा हॉस्टेलचा नियम होता. हॉस्पिटलच्या गाऊनला बटनं नसतात. मी आपला पोटाकडे बघत उभा.

हेमंत सरांच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांनी वरण-भात काढला, वर तूप घातलं, आणि प्रेमाने म्हणाले, "खा रे संघ्या. खा."

मी त्यांच्या बुटांवर ओकलो. ते बिचारे म्हणाले, "होतं रे असं, डोंट वरी."

वैशालीला तर ते देवमाणूस वाटले. "एवढ्या बर्फात येतात हो. सख्खा भाऊ नाही करत एवढं." ती त्यांचा डबा घासूनपुसून त्यात कधी लाडू, कधी चिवडा भरून परत पाठवायची. दुसऱ्याच्या घरचा डबा रिकामा जायचा नाही, ही तिच्या आईची शिस्त. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

टेबलावर कोण आहे

शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ बाई आल्या. बाकी सगळ्यांनी घशाबद्दल विचारलं होतं. या बाईंनी विचारलं, "तुम्ही जेवायला बसता तेव्हा टेबलावर आणखी कोण असतं?"

मी म्हणालो, बायको, मुलगी.

"आणखी?"

आणि मी रडायला लागलो. मग सांगितलं. अठरा वर्षांचा असताना कॉलेजच्या मेसमध्ये ताट हातात घेऊन मला रोज दोन्ही वेळेला उभं राहावं लागायचं. आडनावावरून जात कळली होती. हेमंतने माझ्यासाठी खास इंट्रो तयार करून दिली होती: "माझं नाव संघपाल. मी एका हुशार मुलाची सीट खाल्ली. आता त्याच्या वाटचं जेवण खायची परवानगी द्या." मग हेमंत म्हणायचा, "खा." तो म्हणेपर्यंत बसायचं नाही. कधी लवकर म्हणायचा, कधी त्याचं जेवण संपल्यावर. पूर्ण वर्षभर. आणि माझे मार्क त्याच्यापेक्षा चांगले होते, हे आजही सांगावंसं वाटतं, याचीच मला चीड येते. कमी असते तरी काय झालं असतं?

बाईंनी आजाराचं नाव सांगितलं. पीटीएसडी, जुन्या आघाताचा मनात राहून गेलेला आजार. मी म्हणालो, तो तर अफगाणिस्तानातून परत आलेल्या सैनिकांना होतो, टीव्हीवर दाखवतात. मला तर कुणी साधी थप्पड मारली नाही. बाई म्हणाल्या, "दे मेड यू बेग फॉर फूड."

भीक. मराठीत तो शब्द मी स्वतःसाठी कधी वापरला नव्हता. जयंतीला स्वाभिमानावर भाषण ठोकणारा माणूस मी. घरी कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून वैशालीला फक्त आजाराचं नाव सांगितलं, आणि "कॉलेजात थोडं रॅगिंग झालं होतं," एवढं. कुणी केलं ते गिळलं. घास सोडून बाकी सगळं मला गिळता येत होतं.

गंजेडी

मला घरी सोडलं, रविवारचा डबाही घरी यायला लागला. औषधांनी झोप आली, भूक नाही. नुसतं बोलून उपचार करायचे तर मेसपर्यंत पोचलो की घसा आवळायचा आणि शब्दही अडकायचे. तेव्हा त्याच बाईंनी लंडनच्या मॉरीनचं नाव सुचवलं. लंडन म्हणजे आपलं ओंटारियोतलं. मॉरीन साठीची, ट्रॉमावर काम करणारी थेरपिस्ट, आणि काही थोड्या पेशंटांबरोबर, डॉक्टरांच्या संमतीने, सेशनमध्ये गांजा वापरत असे.

त्या काळी गांजा दुकानात मिळत नव्हता. डॉक्टरची सही, सरकारचा परवाना, मग कुरियरने पाकीट. पाकीट घरी आलं त्या दिवशी आमच्याकडे महाभारत झालं.

"भंडाऱ्याला गांजा कोण ओढतं माहीत आहे ना तुम्हाला?" वैशाली म्हणाली. "देवळामागचे बुवा. आणि आता इंजिनिअर साहेब ओढणार!"

"ओढायचा नाही, यंत्रात गरम करून वाफ घ्यायची आहे. मेडिसिन आहे ते."

"माझ्या आईला सांगू का हे मेडिसिन?"

मैत्री सातवीत होती. ती जिन्यावरून म्हणाली, "डॅड, दे लिटरली टीच अस नॉट टू डू धिस."

पाकीट बेसमेंटमध्ये ठेवलं तरी वास वर आला. तो जावा म्हणून वैशालीने अगरबत्त्या लावल्या, तर घराचा पार मठ झाला. ती चिडली होती, रडतही होती, आणि तरी सेशनच्या दिवशी ऑफिसात सुट्टी टाकून गाडी तिनेच काढली, कारण वाफ घेतल्यावर मला चालवता येणार नव्हती. टोमणे मारत मारत तिने मला लंडनला नेलं. प्रत्येक वेळी नेलं.

मॉरीनची खोली

मॉरीनच्या खोलीत एक सोफा, एक पांघरूण आणि एक खिडकी होती. तिने आधी सगळं विचारून घेतलं होतं: घराण्यात कुणाला वेड, भास, हृदयाचं काही? असलं काही असतं तर तिने मला घेतलंच नसतं. वाचणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. हा घरी एकट्याने करून बघायचा प्रयोग नव्हे.

पहिल्या वेळेला मला वाटलं, मेलो. छाती धडधडायला लागली, भिंती जवळ आल्या. मॉरीन शांतपणे म्हणाली, "पाय जमिनीवर ठेव. खोलीतल्या निळ्या वस्तू सांग." मी निळ्या वस्तू शोधत बसलो. तेवढ्यात संपलं सेशन. परतीच्या वाटेवर वैशालीने विचारलं, "काय केलं?" मी म्हणालो, "निळं पांघरूण बघितलं." ती म्हणाली, "ते तर घरी पण आहे."

पुढच्या काही वेळा नुसती झोप, नुसतं हसू, एकदा आईची फार आठवण. मला वाटलं, हेही फुकट गेलं.

मग एकदा मेस आली. एरवी ती आठवण आली की मला फक्त फरशी दिसायची, कारण मी तेव्हा खालीच बघत असे. त्या दिवशी वाफेने अंग सैल पडलं होतं, घसा आवळला नाही, आणि मी मान वर केली. स्टीलची ताटं, पातळ वरण, लांब टेबल. ताट घेऊन उभा असलेला हडकुळा मी. समोर हेमंत.

तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो वरण-भात कालवत होता.

मी इतकी वर्षं धरून चाललो होतो की त्याला मजा येत असेल, निदान द्वेष तरी असेल. तसलं काहीच नव्हतं. माझी भीक चालू होती आणि तो भातात लोणच्याचा खार मिसळत होता. मी त्याच्यासाठी जेवताना चालू ठेवलेला रेडिओ होतो.

"व्हॉट डू यू फील?" मॉरीनने विचारलं.

मी मराठीतच बोललो, तिला कळणार नाही हे माहीत असून. "त्याचं ताट त्याच्या डोक्यावर उपडं करायचं आहे." मग इंग्रजीत सांगितलं.

"करून टाक," ती म्हणाली. "इथे चालतं."

मी उठून उभा राहिलो आणि हवेतलं ते ताट दोन्ही हातांनी उपडं केलं. ओरडलो. भंडाऱ्याच्या ज्या शिव्या आई असताना कधी दिल्या नाहीत त्या सगळ्या दिल्या. मॉरीनने सोफ्यावरची उशी माझ्याकडे सरकवली, तिचाही समाचार घेतला. इतकी वर्षं पोटात फक्त लाज होती. त्या दिवशी लाजेच्या खालून राग निघाला, आणि राग आल्यावर मला पहिल्यांदा बरं वाटलं.

निघताना मी तिला विचारलं, "मी त्याला कधीच माफ केलं नाही तर?"

"नोबडी इज ग्रेडिंग यू, संघपाल," ती म्हणाली.

फ्राइज

परतताना हायवेवरच्या विश्रांतिस्थळाला थांबलो. दुपारची गर्दी, हॉकी खेळणाऱ्या पोरांची एक अख्खी बस. मी फ्राइज घेतल्या, त्या गर्दीच्या मधोमध बसलो आणि खाल्ल्या. मग बर्गर घेतला. वैशालीने रुमाल डोळ्यांना लावला.

गांज्याने भूक लागते, हे मलाही माहीत आहे. टीव्हीवरचे विनोद मीही बघतो. पण भूक मला आधीही लागत होती. घास खाली जात नव्हता.

तिथेच तिला सगळं सांगितलं. मेस, इंट्रो, "खा." आणि नाव.

"आपले हेमंत सर? ज्यांचा डबा येतो ते?"

"तेच."

"आणि मी त्यांना थँक यू म्हणते आहे! लाडू देते आहे!" शेजारच्या टेबलावरची पोरं वळून बघायला लागली. "मला काहून नाही सांगितलं तुम्ही?"

"लाज वाटत होती."

"लाज त्यानं बाळगायची, का तुम्ही?" असं म्हणून तिने माझ्या फ्राइज ओढून घेतल्या आणि रागारागाने संपवल्या. व्हिटबीचा एक्झिट घेताना म्हणाली, "रविवारी येऊ दे त्याला."

मी त्या आठवड्यात सूडाचे पुष्कळ बेत केले. त्याच्या विंटर टायर्समध्ये खिळे ठोकायचे. त्याच्या कंपनीला कळवायचं. ग्रुपवर लिहायचं. पण मला खरी भीती एकाच गोष्टीची होती. हायवेवर अनोळखी पोरांत जेवलो, त्यात काय? हेमंतसमोर घास उतरला नाही, तर सगळी थेरपी पाण्यात. आणि त्या दिवशी मला वाफ घ्यायची नव्हती. त्याच्यासमोर शुद्धीवर जेवायचं होतं.

रविवार

तो आला. बूट झाडले, डबा पुढे केला. "वहिनी, आज साबुदाण्याची खिचडी आहे."

"आज तुम्हीच बसा जेवायला," वैशाली म्हणाली.

तिने पाटवडी रस्सा केला होता, ज्वारीच्या भाकरी. आम्ही चौघं टेबलाशी बसलो. त्याने भाकरी मोडली.

"थांब," मी म्हणालो. "आमच्याकडे जेवणाआधी इंट्रो द्यावी लागते."

तो खूश झाला. "अरे वा! मेसची परंपरा!" चक्क उभा राहिला, नाव सांगितलं, बॅच सांगितली, मैत्रीकडे बघून डोळा मारला.

"आता पुढचं वाक्य."

"पुढचं कुठलं?"

मी त्याला माझं वाक्य ऐकवलं. पूर्ण. त्याच्या डोळ्यांत बघून, अगदी त्याच चालीत. सीट, हुशार मुलगा, परवानगी. आवाज कापला, पण अडकला नाही.

तो हसत होता, मग थांबला. "अरे... ते होय. तेव्हा सगळेच करायचे रे. पर्सनल काही नव्हतं."

"मला दोन्ही वेळेला पर्सनल होतं."

"मला तर नीटसं आठवतही नाही."

"तेच तर," मी म्हणालो.

मैत्री त्याच्याकडे टक लावून बघत होती. आम्ही तिला आधी काही सांगितलं नव्हतं. "अंकल, यू मेड माय डॅड से दॅट? टू ईट?"

तो खुर्चीत बसला.

"खा," मी म्हणालो.

आणि मी खायला लागलो. पहिला घास घशाशी आला तेव्हा मला वाटलं, अडकतो आता. हेमंतकडे बघितलं. त्याचा चेहरा पडला होता. घास गेला. दुसरा गेला. रस्सा भुरकला, मुद्दाम आवाज करून. वैशाली मला वाढत होती, त्याला "घ्या ना" एकदाही म्हणाली नाही. त्याने मोडलेला भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला होता, तो तिथेच भिजून फुगला.

तो उठला तेव्हा वैशालीने स्वयंपाकघरातून त्याच्या घरचे, परत द्यायचे राहिलेले सगळे डबे आणले आणि पिशवीत घालून त्याच्या हातात दिले. पिशवी हलली तसे डबे एकमेकांवर आपटून खणखणले. सगळे रिकामे. साखरेचा एक दाणा नव्हता आत. मराठी घरातला माणूस, त्याला तो आवाज कळला. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं आणि बूट घालायला वाकला.

पुढे

मी पूर्ण बरा झालो असं म्हणणार नाही. अजून कधीतरी ऑफिसच्या पार्टीत घास रेंगाळतो. मॉरीनकडे नंतर बरेच महिने गेलो, पुष्कळदा नुसतं बोलायला, वाफेशिवाय. वैशाली अजून मला अधूनमधून "आमचे बुवा" म्हणते, पण दात दाखवत म्हणते.

हेमंतचा फोन आला होता. बराच वेळ बोलला, शेवटी रडला. म्हणाला, "मला झोप लागत नाही रे. माफ कर." मी म्हणालो, "ऐकलं." तो वाट बघत होता. मी फोन ठेवला. तुम्हाला कुणी घाई केली, मोठं मन कर म्हणालं, तर त्यांना सांगा, आधी मला जेवू द्या.

उन्हाळ्यात तळ्याकाठी माजी विद्यार्थ्यांची पिकनिक झाली. मी पहिल्यांदाच गेलो. कुणीतरी नव्या पोराला "इंट्रो, इंट्रो" करायला लागलं. मी तिथूनच मोठ्याने म्हणालो, "काही नको इंट्रो. ये रे, बस जेवायला." हेमंत ताट घेऊन लोकांमधून फिरत होता. सगळ्यांची चौकशी करत होता, हसत होता, याच्याजवळ थांबत होता, त्याच्याजवळ थांबत होता. ताटातला भात मात्र वाढला तसाच होता. वैशालीने मला कोपराने ढोसलं, "बघितलं का?"

बघितलं. मला जराही वाईट वाटलं नाही. मी उठलो आणि पुन्हा भात घेतला.